पदवी हातात आली. आता पुढं शिकायचं की नोकरी धरायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. संधींची यादी आता प्रत्येकाच्या मोबाईलवर मिळते, ती वाचून दाखवायला मी उचगावला यायची गरज नव्हती. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. दरवर्षी मे-जून आला की गावातून मला फोन येतात. कुणाचं बी.ई. कॉम्प्युटर झालेलं असतं, कुणाचं बीसीएस, कुणाचं बीसीए. प्रश्न एकच असतो : "दादा, पुढं शिकू की मिळेल ती नोकरी धरू?" मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून आणि मला खात्रीनं माहीत असलेल्या गोष्टींवरून बोलतो.

पहिली गोष्ट. हा प्रश्न विचारणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांना खरं तर वेगळंच विचारायचं असतं. एखाद्याला कॅम्पसमध्ये नोकरी लागलेली नसते, आणि 'रिकामा बसलाय' असं कुणी म्हणू नये म्हणून तो एम.टेक.ला प्रवेश घेणार असतो. एखाद्याला मनापासून शिकायचं असतं, पण घरात सेवा सोसायटीचं कर्ज असतं, बहिणीचं लग्न ठरायचं असतं, म्हणून तो नोकरी धरणार असतो. एखादीला पुण्यात नोकरी लागलेली असते, पण घरचे पाठवायला तयार नसतात, म्हणून 'इथंच एम.टेक. करू दे' असं ठरतं. कारणं सगळी खरी आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ज्या कारणासाठी निर्णय घेतोय ते कारण स्वतःशी तरी मोकळेपणानं बोला. नोकरी लागली नाही म्हणून घेतलेल्या एम.टेक.मुळं नोकरीचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त दोन वर्षं पुढं जातो.

आता पदव्युत्तर शिक्षण नक्की कशासाठी लागतं ते बघू. माझ्या मते चार दारं अशी आहेत, जी त्याशिवाय सहसा उघडत नाहीत.

पहिलं दार शिकवण्याचं. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. अशा दोन्ही पदव्या लागतात आणि पुढच्या बढतीसाठी पीएच.डी. लागते. इथं पर्याय नाही. दुसरं दार संशोधनाचं, त्यावर थोडं सविस्तर बोलणार आहे. तिसरं दार विषय बदलण्याचं. मेकॅनिकल झालं आणि संगणकात यायचंय, किंवा संगणक झाला आणि चिप डिझाइनकडं जायचंय, तर दोन वर्षांचं शिस्तीतलं शिक्षण उपयोगी पडतं. चौथं दार आपल्या बीसीएस, बीसीएच्या मुलांचं. तुमची पदवी तीन वर्षांची. अनेक कंपन्यांच्या जाहिरातीत बी.ई. किंवा एम.सी.ए. असं लिहिलेलं असतं. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालं. राज्यातल्या प्रवेशासाठी एम.सी.ए. सीईटी आहे, एनआयटीसाठी निमसेट आहे. तुमच्यासाठी पुढं शिकण्याचा अर्थ बी.ई.वाल्यापेक्षा वेगळा आहे. त्यामुळं त्याचा सल्ला ऐकून तुम्ही निर्णय घेऊ नका.

या चारांपैकी एकही दार तुमचं नसेल, साधं चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं असेल, तर नोकरी धरा. त्यात कमीपणा काही नाही.

संशोधन म्हटलं की आपल्याकडं मुलांना वाटतं, ते परदेशात किंवा मोठ्या शहरात. म्हणून उदाहरण आपल्या दारातलं देतो. एका बाजूला शिरोली आणि दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव, अशा दोन औद्योगिक वसाहतींच्या मधे आपलं गाव आहे. इथल्या अनेकांच्या घरात कोणी ना कोणी फौंड्रीत शिफ्ट केलेली आहे. ओतकामाचा जुना त्रास तुम्हाला माहीत आहे. धातू थंड होताना आकसतो आणि जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तिथं पोकळी राहते. बाहेरून जॉब चांगला दिसतो. मशिनिंगला गेला की पोकळी उघडी पडते आणि अख्खा माल परत येतो. त्यावर उपाय म्हणजे फीडर योग्य जागी आणि योग्य मापाचा ठेवणं. पूर्वी हे जुन्या मिस्त्रीच्या अंदाजावर चालायचं, एकदा ओतून बघायचं, चुकलं की पुन्हा पॅटर्न बदलायचा.

आयआयटी मुंबईच्या मेकॅनिकल विभागातले प्रा. बी. रवी यांनी कित्येक वर्षं याच प्रश्नावर काम केलं. कास्टिंगचा कोणता भाग शेवटी गोठेल हे ओतण्याआधीच संगणकावर दाखवणारं 'ऑटोकास्ट' हे सॉफ्टवेअर त्यांच्या संशोधनातून उभं राहिलं. छोट्या फौंड्रीवाल्यांना शिकता यावं म्हणून 'ई-फाउंड्री' नावाचे विनामूल्य ऑनलाइन धडेही त्यांनी सुरू केले. आता विचार करा, हे काम करायला काय लागलं असेल? उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित, कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराची भूमिती संगणकाला समजावण्याची पद्धत, आणि हे सगळं साध्या पीसीवर लवकर चालेल असा अल्गोरिदम. असं काम सहा महिन्यांच्या कोर्समधून होत नाही. एकाच प्रश्नाशी दोन, चार, सहा वर्षं बसायची मुभा लागते, सोबत मार्गदर्शक लागतो. एम.टेक. आणि पीएच.डी. ही ती मुभा आहे.

पण त्याच फौंड्रीत दुसरंही काम आहे. कच्च्या मालाचा साठा, कोणत्या हीटचा माल कुणाला गेला याची नोंद, रिजेक्शनचा हिशेब, डिस्पॅच, जीएसटी. हे सॉफ्टवेअर नीट लिहायला एम.टेक. लागत नाही. त्याला लागतो शॉप फ्लोअरवर उभा राहून मिस्त्रीचं म्हणणं ऐकणारा माणूस. दोन्ही कामांची या भागाला गरज आहे. प्रश्न एवढाच, तुम्हाला यातलं कोणतं करायला आवडेल? ज्याला पहिलं आवडतं त्यानं शिकावं. ज्याला दुसरं आवडतं त्यानं कामाला लागावं. एकाच गेटच्या आत दोघांची गाठ पडेल.

आता पैशाचं बोलू, कारण घरात शेवटी चर्चा तिथंच येते. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या मुलाला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार मिळतो, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षं फारसा हललेला नाही. हातात महिन्याला पंचवीस हजार धरा. पुण्यात खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं यात पंधरा हजार जातात. घरी पाठवायला उरले दहा हजार. दोन वर्षांचे झाले २ लाख ४० हजार.

आता दुसरी बाजू. गेट परीक्षा देऊन एआयसीटीईच्या मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण वेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. चोवीस महिन्यांचे २ लाख ९७ हजार ६०० होतात. वसतिगृह आणि मेस त्यातून भागतं. फी प्रत्येक संस्थेची वेगळी, ती बघून घ्या. म्हणजे गेटवर चांगल्या सरकारी संस्थेत शिकणाऱ्या मुलाचा घराला बसणारा भार किती, तर न आलेले सुमारे अडीच लाख आणि वर फी. 'दोन वर्षांचा सात लाख पगार बुडाला' असं जे म्हटलं जातं, ते घराच्या हिशेबानं खरं नाही.

पण गेट न देता, खासगी कॉलेजात, स्वतःच्या पैशानं एम.टेक. करायचं असेल तर विद्यावेतन नाही. तेव्हा प्रवेशाआधी त्या विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. गेल्या दोन वर्षांत इथल्या विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयावर प्रबंध केले? मार्गदर्शक स्वतः सध्या कशावर काम करताहेत? आधीच्या बॅचची मुलं आज कुठं आहेत? उत्तरं गुळमुळीत आली तर घरी परत या.

पीएच.डी.साठी मात्र आता आधार बराच आहे. केंद्राच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये झाली आहे, वर घरभाडं वेगळं. राज्यात सारथी, बार्टी, महाज्योती या संस्था आपापल्या गटातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, चौकशीला पुण्याला जायला नको. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची राज्य सरकारची जी शिष्यवृत्ती आहे, तिला नावच राजर्षी शाहू महाराजांचं आहे. आपल्या भागातल्या मुलांनी तरी ती माहीत नाही असं म्हणू नये.

परदेशातल्या एम.एस.बद्दल थोडक्यात. वीस लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के, मुदत दहा वर्षं धरली तर हप्ता सुमारे २६,४०० रुपये बसतो आणि एकूण साधारण ३१ लाख ७० हजार भरावे लागतात. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. अमेरिकेत संगणकाच्या पदवीनंतर एक वर्ष आणि पुढं वाढवून दोन, अशी तीन वर्षं काम करता येतं. त्यानंतर एच-१बी व्हिसाची लॉटरी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं काही नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. सांगायचा मुद्दा असा की नियम एका रात्रीत बदलतात, हप्ता बदलत नाही. तिथं नोकरी न मिळता परत यावं लागलं तरी इथल्या पगारातून हप्ता निघेल का, हे कागदावर मांडून मगच शेत किंवा घर तारण ठेवा.

नोकरी धरणाऱ्यांना आता चार शब्द. पहिल्या नोकरीतला पगार पाच वर्षांनी कुणी विचारत नाही, काम काय केलं ते विचारतात. म्हणून ऑफर दोन असतील तर हे बघा : आपल्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस शेजारी बसणार आहे का? आपण लिहिलेला कोड कुणी तपासणार आहे का? आपण बनवलेलं कुणी वापरणार आहे का? कोल्हापुरातल्या वीस माणसांच्या कंपनीतही ही तिन्ही उत्तरं 'हो' असू शकतात, आणि हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत तिन्ही 'नाही'. बाँडवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. ऑफर लेटर आलं पण रुजू व्हायची तारीख येत नाही, अशा वेळी वाट बघत बसू नका, दुसरीकडं अर्ज चालू ठेवा.

आणि एक. साधासरळ कोड आता यंत्रच लिहून देतं. त्यामुळं 'अमुक भाषा येते' एवढ्यावर नोकरी टिकण्याचे दिवस गेले. मुलाखतीत मी बघतो ते एवढंच, की यंत्रानं दिलेलं उत्तर चूक आहे हे या मुलाला कळेल का? ते कळायला डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, गणित हा पायाच लागतो. तो पाया एम.टेक.मध्ये पक्का होतो, आणि नोकरी करतानाही होऊ शकतो. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. रोज एक तास बसायची तयारी लागते.

दोन्ही वाटा एकाच घरात कशा नांदतात याचं उदाहरण आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं आहे. रहिमतपूर भागातले काटकर बंधू. थोरले कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं, संगणक दुरुस्त करू लागले. धाकट्या संजयना मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावलं, आणि संजयनी त्यात पदव्युत्तर पदवी घेतली. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस असायचे. ते काढण्यासाठी संजयनी जे प्रोग्रॅम लिहिले, त्यातून १९९० च्या दशकात 'क्विक हील' उभं राहिलं. ती कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. गिऱ्हाइकाचा त्रास काय आहे हे थोरल्याच्या दुकानात कळलं, तो दूर कसा करायचा हे धाकट्याच्या शिक्षणातून आलं. दोघांपैकी एक जरी नसता तर ही कंपनी झाली नसती.

दुसरं उदाहरण डॉ. आनंद देशपांडे यांचं. आयआयटी खरगपूरहून १९८४ मध्ये बी.टेक., मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून डेटाबेस या विषयात पीएच.डी., थोडा काळ एचपीच्या प्रयोगशाळेत काम, आणि १९९० मध्ये पुण्यात 'पर्सिस्टंट'ची स्थापना. पीएच.डी. केली म्हणजे माणूस कॉलेजातच राहणार असं नाही, आणि नोकरीत गेला म्हणजे शिक्षण संपलं असंही नाही.

यातून पुढचा मुद्दा येतो. आज घेतलेला निर्णय जन्माचा नसतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षापासूनच परीक्षा देता येते. संगणकशास्त्राच्या पेपरसोबत २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेचाही वेगळा पेपर आहे. म्हणजे शेवटच्या वर्षी गेट द्या, स्कोअर चांगला आला तरी घरची गरज असेल तर नोकरी धरा, एक-दोन वर्षं कमवा, कर्ज फेडा, आणि मग त्याच स्कोअरवर प्रवेश घ्या. काही आयआयटी आता नोकरदारांसाठी ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालवतात. त्यांची फी लाखांत आहे, तेव्हा आपली कंपनी त्यातलं काही देते का ते आधी विचारा. परत शिकायचं असेल तर दोनच पथ्यं पाळा. गणिताची वही बंद करू नका. आणि नोकरी लागल्या लागल्या गाडीचा हप्ता मागं लावून घेऊ नका. शिकायला परत जाण्याची इच्छा परीक्षेपेक्षा हप्त्यामुळं जास्त वेळा मरते.

काम करून परत शिकण्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या याच परिसराशी जोडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये इथून जवळच, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला जी परिषद झाली, तिथं राजर्षी शाहू महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्यासमोरच्या अडचणींपुढं आपल्या अडचणी काहीच नाहीत. पण त्यांनी केलेलं नियोजन आपल्याला करता येण्यासारखं आहे : नोकरीला जाताना शिक्षणाचं दार बंद करायचं नाही.

शेवटी पालकांशी दोन शब्द, हात जोडून.

मुलगा हुशार असेल, शिकायचं म्हणत असेल आणि गेटमधून जागा मिळत असेल, तर मघाशी सांगितलेला अडीच लाखांचा हिशेब घरात एकदा मांडा. जमत असेल तर दोन वर्षं त्याच्याकडं पगार मागू नका. जमत नसेल तर तेही त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे तो नोकरी धरून पुढची तयारी करेल. 'बघू, तुझं तू ठरव' म्हणायचं आणि तोंड पाडून बसायचं, हे मात्र करू नका.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच. पुण्याची नोकरी नको म्हणून तिला जवळच्या कॉलेजात एम.टेक.ला घालायचं, आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. दोन वर्षांनी पुणे काही जवळ येत नाही, ते सव्वादोनशे किलोमीटरवरच राहतं. मधल्या काळात तिच्या वर्गातली मुलं दोन वर्षं पुढं गेलेली असतात. तिला संशोधन करायचंय म्हणून ती शिकत असेल तर जरूर शिकवा, पीएच.डी.पर्यंत शिकवा. स्थळ येईपर्यंतची सोय म्हणून शिकवत असाल तर तिची दोन वर्षं तुम्ही खर्च करताय. भीती वाटते हे मला कळतं. म्हणून आज इथं बसलेल्या पुण्यातल्या आपल्या माजी विद्यार्थिनींना माझी विनंती आहे : निघण्याआधी आपला नंबर शाळेच्या ऑफिसात देऊन जा. गावातली मुलगी पहिल्यांदा पुण्याला येईल तेव्हा तिच्या आई-वडिलांना फोन करायला ओळखीचं एक माणूस असलं, तर निम्मी भीती तिथंच संपते. खोली कुठं बघायची, कंपनीची बस कुठं थांबते, रात्री उशीर झाला तर काय करायचं, हे सांगायला करिअर मार्गदर्शनाची पुस्तकं लागत नाहीत, आधी गेलेली ताई लागते.

मुलांनो, आज घरी गेल्यावर कागदाचे दोन भाग करा. एकीकडं लिहा, मला कोणतं काम दहा वर्षं करायला आवडेल. दुसरीकडं लिहा, माझ्या घराला पुढची दोन वर्षं माझ्याकडून किती पैशांची गरज आहे. हे दोन्ही लिहिल्याशिवाय कुणालाही फोन करू नका, मलासुद्धा. लिहिल्यावर मात्र जरूर करा. मग आपण नीट बोलू.